बाई गाठ घेऊन गेल्या

१

माझ्या यंत्राबद्दल मी बोलायला लागले की लोक घड्याळाकडे बघतात. बघू देत. ज्यांनी स्वतःच्या हातानं काही उभं केलेलं नसतं त्यांना दुसऱ्याचं कौतुक ऐकताना जांभया येतात, हा माझा जुना अनुभव आहे.

धाराशिव जिल्ह्यात बायकांच्या छातीच्या तपासणीसाठी एक गाडी फिरते. बाहेरून ती बिस्किटं पोचवणाऱ्या टेम्पोसारखी दिसते. गावातल्या बायका तिला फोटोची गाडी म्हणतात. आत मधोमध एक भिंत आहे आणि तिला शिशाची काच बसवलेली आहे. भिंतीच्या मागं मॅमोग्राफीचं मशीन, म्हणजे दोन पट्ट्यांमध्ये छाती दाबून धरून एक्स-रे काढणारं. भिंतीच्या पुढं माझं टेबल, दोन पडदे आणि एक कुरकुरा पंखा. आरोही ही आमची टेक्निशियन. ती बाईला मागं उभी करते, जरा दाबेल हं, श्वास धरा म्हणते आणि पायानं पेडल दाबते. मोटर घूं करते, आरोही काचेच्या अलीकडे येऊन बटण दाबते, टक असा आवाज होतो, वरची पट्टी आपोआप सुटते आणि माझ्या पडद्यावर काळ्यावर पांढरं चित्र उमटतं. पुढचं काम संगणकाचं. चित्रात कुठं संशयाची जागा असेल तर तो तिच्याभोवती पिवळी चौकट काढतो. मग मी बघते आणि ठरवते.

चौकटी काढणारं हे सॉफ्टवेअर सोमेश नावाच्या इंजिनियरनं बनवलं. तो मूळचा उमरग्याचा, राहतो पुण्यात. पण बनवलं म्हणजे काय, तर त्यानं भांडं दिलं; स्वयंपाक माझा. संगणकाला गाठ म्हणजे काय हे आपोआप कळत नाही, त्याला दाखवावं लागतं. पुण्याच्या नोकरीत असताना आणि ती सोडून इथं आल्यावरही मी वर्षानुवर्षं पडद्यावरच्या चित्रांत एकेका गाठीभोवती संगणकाच्या पेननं रेघ ओढली. ही गाठ. ही पण गाठ. ही नुसती चरबी. माझी एक खोड आहे. रेघ खालून सुरू करायची, गोल फिरवून आणायची आणि सुरुवातीपाशी न थांबता थोडी पुढं नेऊन सोडायची. त्यामुळं माझ्या प्रत्येक गोलाला छोटं शेपूट असतं. सोमेश त्या शेपटांना फार हसायचा.

रेघ ओढताना दर वेळी मला वाटायचं, हे पेन जरा आत जावं आणि ही ब्याद चिमटीत धरून बाहेर काढता यावी. पण रेडिऑलॉजिस्टचं काम बघण्याचं. काढणारे वेगळे असतात.

शेवटी एक दिवस सोमेश म्हणाला, "शिवप्रिया मॅडम, हे आता तुमच्या डोळ्यांनी बघतंय." त्या वाक्याचा मला किती अभिमान वाटला ते सांगत नाही. सांगितलं तर तुम्हीही घड्याळाकडे बघाल.

२

सोनारीला भैरवनाथाच्या दर्शनाला रविवारी गर्दी असते, म्हणून आम्ही गाडी रविवारी तिथं लावतो. टपावर माकडं धावत होती आणि आरोही त्यांच्या नावानं बोटं मोडत होती. दर्शन करून आलेल्या बायका सावलीत ओळीनं बसल्या होत्या. त्यांच्यात सिताबाई होत्या. सुनेनं ढकलून आणलेल्या, आणि आपल्याला काही झालेलं नाही हे सगळ्यांना ऐकवत बसलेल्या.

त्यांचं चित्र उमटलं. वरच्या भागात लहानशी पांढरी गाठ, कडेला गोखरूसारखे बारीक काटे. असे काटे असलेली गाठ मी कधी हलक्यात घेत नाही. संगणकानंही घेतली नव्हती, तिच्याभोवती पिवळी खूण होती. फक्त ती चौकट नव्हती. ती रेघ होती. खालून सुरू झालेली, गोल फिरलेली, आणि शेवटी शेपूट सोडलेली.

माझं पेन टेबलाच्या खणात होतं. मी आरोहीला विचारलं, तू काही हात लावलास का. तिनं लावला नव्हता, आणि लावला असता तरी तिला माझं शेपूट जमलं नसतं. मी सोमेशला फोन लावला. तो म्हणाला की सॉफ्टवेअरला वाकडी रेघ काढताच येत नाही, त्याला चार कोपरे तेवढे माहीत आहेत. माझी एखादी जुनी रेघ चुकून या चित्रावर येऊन बसली असेल. मी म्हटलं, जुनी रेघ जुन्या गाठीच्या मापाची असणार. ही तर सिताबाईंच्या गाठीवर मनगटात बांगडी बसावी तशी बसली आहे. तो म्हणाला, बघतो.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. वर्गातल्या हुशार मुलीनं बाईंचं अक्षर गिरवावं तसं काहीतरी झालं आहे, एवढंच मी मनाशी म्हटलं. सिताबाईंना सुईच्या तपासणीची चिठ्ठी दिली आणि पुढच्या बाईला आत घ्यायला सांगितलं.

३

सुईच्या तपासणीत काही मिळालं नाही. मिळालं नाही म्हणजे गाठ साधी निघाली असं नव्हे. सुई घालायला तिथं गाठच नव्हती. आमची गाडी परंड्याला होती तेव्हा सिताबाई परत आल्या आणि आम्ही पुन्हा चित्र घेतलं. दोन्ही चित्रं मी शेजारी शेजारी लावली. रक्तवाहिन्यांची तीच जाळी, चरबीच्या त्याच रेषा. फक्त गाठीच्या जागी काही नव्हतं. वण नाही, खड्डा नाही.

मी त्यांना विचारलं, मधल्या काळात कुणाचं औषध घेतलं का, कुणी काही लावायला दिलं का. त्या म्हणाल्या, "न्हाय ओ. बाई येऊन गाठ घेऊन गेल्या परवा, तेवढंच."

गाठ घेणं म्हणजे भेटणं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मला वाटलं, आरोग्य केंद्राची आशाताई चौकशीला येऊन गेली असेल. मी बरं म्हटलं आणि सिताबाईंना घरी पाठवलं. त्या आनंदात गेल्या. मी नाही. माझ्या यंत्रानं नसलेली गाठ दाखवली, असं आता कुणीही म्हणू शकत होतं.

मग वाशीच्या, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या, द्वारकाबाई. त्यांची गाठ लांबट, भुईमुगाच्या शेंगेसारखी मध्ये आवळलेली. खूण पुन्हा रेघेची, पुन्हा शेपटाची. पुन्हा सुई रिकामी. पुन्हा दुसरं चित्र स्वच्छ. आणि पुन्हा तेच वाक्य: बाई गाठ घेऊन गेल्या. या वेळी मी चिडून विचारलं, कोण बाई, नाव काय तिचं?

द्वारकाबाई माझ्याकडे बघून हसल्या. मी त्यांची थट्टा करते आहे असं त्यांना वाटलं.

"तुमीच की," त्या म्हणाल्या. "म्या चहा ठिवला हुता, तरी न पिताच गेला. आन हात लई गार हुतं बगा तुमचं. ह्या मशीनीवानी."

मी द्वारकाबाईंचं घर कधी पाहिलेलं नाही. वाशीत मी गाडीतून खाली उतरते ती फक्त पाय मोकळे करायला. पण गावातल्या बायका पांढरा एप्रन आणि चष्मा ओळखतात, चेहरा कोण बघतं? आरोग्य केंद्राची एखादी नर्स गेली असेल. मी असं आरोहीला सांगितलं आणि तिनं मान डोलावली. दोन बाया वाचल्या मॅडम, आपल्याला अजून काय पाहिजे, असंही ती म्हणाली. ते काही मला गोड लागलं नाही. वाचल्या, हे बरोबर. पण मग मी काय पाहिलं होतं?

४

वाशीतच, शाळेच्या मैदानावर, दुपारच्या सुट्टीत सगळे लिंबाखाली जेवायला बसले होते. मला उन्हापेक्षा पंखा बरा वाटतो, म्हणून मी माझा डबा गाडीत उघडला होता. बाहेर जनरेटर चालू होता. शेंगांच्या चटणीचा वास, पंख्याची कुरकुर, आणि आरोही कुणाला तरी हसत होती तो आवाज. सगळं रोजचं.

भिंतीमागं मोटर घूं झाली.

या मोटरचा आवाज मी झोपेतही ओळखेन. मशीनमध्ये कुणी नसेल आणि पट्टी खाली सोडली तर ती थेट तळाला जाते; घूं लांबत जातो आणि शेवटी पट्टीवर पट्टी आदळते. बाई उभी असेल तर आवाज मध्येच दबतो, जड होतो आणि थांबतो. आत्ताचा आवाज मध्येच दबला, जड झाला आणि थांबला. मग टक. मग पट्टी सुटली.

मी घास तसाच धरून शिशाच्या काचेतून पाहिलं. आत कुणी नव्हतं. स्टूल होतं, जमिनीवर पेडल होतं, आणि खुंटीला बायकांनी घालायचा निळा गाऊन होता. गाऊन हलत होता. माझ्या पंख्याचा वारा भिंतीपलीकडे जात नाही.

पडद्यावर चित्र आलं. वर नावाची जागा कोरी होती. खाली सगळं काळं, कारण मशीनमध्ये कुणी नसेल तर काळंच येणार. एवढं तरी शहाणपणाचं झालं म्हणून मी श्वास सोडला. तेवढ्यात काळ्याच्या मधोमध मला पिवळी रेघ दिसली. ती पूर्ण झालेली नव्हती. माझ्या डोळ्यांदेखत ती गोल फिरत वर आली, सुरुवातीला येऊन टेकली, आणि जरा पुढं जाऊन सुटली.

उंदरांनी वायर कुरतडली असेल, मी स्वतःला सांगितलं. जनरेटरचा दाब वरखाली झाला असेल. जुनी चित्रं पडद्यावर उशिरा येऊ शकतात. ही सगळी कारणं खरी असू शकतात आणि मी ती दुसऱ्या कुणाला अगदी ठामपणे सांगितली असती. डबा मात्र मी बंद केला. मी घाबरले होते. आणि हे मी कुणालाही सांगितलं नाही, सोमेशलाही नाही. ज्या डॉक्टरचं यंत्र आपल्या मनानं चालतं तिच्याकडे बायका कशाला येतील? गाडी बंद पडली तर जिल्ह्यातल्या बायकांचं नुकसान, असं मी म्हणत होते. माझं नाक खाली झालं असतं, हे त्याच्या आत होतं.

५

गाडी मुरूमला गेली तेव्हा अव्वा आली. अव्वा म्हणजे माझी आई, रुद्रम्मा. माझे वडील गेल्यापासून ती मुरूमच्या घरी एकटीच राहते. तपासणी करून घे म्हणून मी तिच्या मागं लागून थकले होते. त्या दिवशी ती आली, कारण तिची सगळी गल्लीच आली होती, आणि लेकीची गाडी गल्लीला दाखवायची तर आपणच घरी कसं बसायचं. इरकली नेसून, केसांना तेल लावून ती रांगेत पहिली बसली होती. गाडी एका संस्थेची आहे, हे तिला मी अनेकदा सांगितलं आहे. ती सगळ्यांना माझ्या लेकीची गाडी म्हणूनच सांगत होती. मी गाडीतून ऐकत होते आणि मला हसू येत होतं. आवडतही होतं.

आरोहीनं तिला गळ्यातलं काढून ठेवायला सांगितलं. गळ्यात लिंग होतं. अव्वानं ते काढायला नकार दिला. आम्ही लिंगायत. जन्मल्यापासून ते अंगावरून उतरत नाही, माझ्याही गळ्यात आहे. मी टेबलापाशी बसूनच ओरडून सांगितलं, राहू दे, तिला ते मुठीत धरू दे, चित्रात येणार नाही. घूं. टक.

मला खूण बघावी लागली नाही. छातीच्या अगदी मागं, बरगड्यांना लागून, लहानशी गाठ. फाटकी कड. भोवती चुन्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके. अशा गाठी पुढं काय करतात ते मला माहीत आहे. ती माझी आई होती. भिंतीच्या पलीकडे ती आरोहीला विचारत होती की फोटो चांगला आला का.

मग मी खूण पाहिली. रेघच होती, शेपूट होतं. आणि माझ्या मनात काय आलं तेही सांगते, कारण लपवण्यात अर्थ नाही. इतकी खोल, इतकी लहान. कुठल्याही डॉक्टरच्या बोटांना ही लागली नसती. माझ्या यंत्रानं धरली. भीती वाटत होती आणि छाती अभिमानानं भरून आली होती. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

अव्वाला मी सांगितलं की गाठ आहे, बारीक आहे, वेळेवर सापडली आहे, सोलापूरला जाऊन काढून घेऊ. तिनं एवढंच विचारलं, "तुज्या मशीननं धरली व्हय?" मी हो म्हटलं. ती बाहेर गेली आणि पायरीवरूनच रांगेतल्या बायकांना म्हणाली, "माज्या लेकीच्या मशीननं धरली बगा." कुणी हळहळलं. ती ताठ चालत घरी गेली.

६

सोलापूरच्या सर्जननी सोनोग्राफीचं यंत्र अव्वाच्या छातीवरून फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग त्यांनी त्यांच्याकडे मॅमोग्राफी करून घेतली. चित्र मला दाखवलं. बरगड्यांपाशी काही नव्हतं. ना गाठ, ना चुन्याचे ठिपके.

सर्जन भले गृहस्थ. स्वतःच्या आईचं चित्र बघताना डोळा जास्तच शोधतो, यंत्रंही चुकतात, असं ते समजुतीनं म्हणाले. अशा बातमीनं एखाद्या मुलीनं तिथंच नाचायला हवं होतं. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून दात खात होते. गाठ तिथं असायला हवी होती, असं मला वाटत होतं. माझ्या आईला कॅन्सर असायला हवा होता, म्हणजे माझं बरोबर ठरलं असतं. हे लक्षात आलं तेव्हा लाज वाटली, पण राग काही गेला नाही.

परत येताना नळदुर्गला चहाला थांबलो. अव्वा गप्प होती. आनंदाच्या दिवशी ती गप्प बसत नाही. दुकानदाराचा पण संसार विचारून घेते. मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, घरी कुणी आलं होतं का गं, मधल्या दिवसांत.

"तूच की," ती म्हणाली.

"मी कधी आले? मी कळंबला होते, अव्वा."

"दुपारी आलीस. म्या भांडी घाशीत हुते." ती पेल्यात बघत होती. "म्या नको म्हणत हुते गं. माजी हाय, माज्यापाशी ऱ्हाऊ दे म्हणाले. ऐकलं न्हाईस. लहानपणापासनं कुणाचं ऐकलंस तू?"

आमच्या घरात कानडी आणि मराठी दोन्ही बोलल्या जातात, आणि दोन्ही येतात याचा मला गर्व आहे. तरीही सिताबाईंचं, द्वारकाबाईंचं एवढंसं वाक्य मला समजलं नव्हतं. त्या भेटीबद्दल बोलत नव्हत्याच. घेऊन गेल्या म्हणजे घेऊन गेल्या.

मी म्हटलं, अव्वा, ती मी नव्हते. मला वाटलं ती वाद घालेल. तिनं मान हलवली.

"गळ्यात लिंग नव्हतं तुज्या. तवाच म्या वळकलं," ती म्हणाली. "तरी बी तोंड तुजंच. तुज्या तोंडाला न्हाय कसं म्हनू? म्या पदर सारला."

माझा हात गळ्याकडे गेला. लिंग जागेवर होतं. अव्वानं ते पाहिलं आणि मग पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुखलं का, असं मी विचारलं. दुखलं नाही म्हणाली, गार लागलं. मग तिनं मला विचारलं की घेतलेलं सगळं मी ठेवते कुठं. मी पैसे द्यायला उठले.

७

पुढच्या खेपेला कळंबला गाडी मोंढ्यात लागली होती. सोयाबीनची पोती उतरत होती, हमालांचा आरडाओरडा चालू होता, आणि बायका गाडीच्या सावलीला बसल्या होत्या. सकाळपासून आम्ही बऱ्याच जणी तपासल्या होत्या. शेवटचं चित्र खामसवाडीच्या एका तरुण बाईचं. तिचं मूल सासूच्या मांडीवर रडत होतं म्हणून ती घाईघाईनं बाहेर गेली होती. ते चित्र डाव्या पडद्यावर तसंच होतं. गाठ होती आणि रेघ होती. मी त्याच्याकडे नीट पाहिलं नाही. मी आरोहीला म्हणाले, पुढचीला जरा थांबव, आता माझं घे.

 मी एप्रन काढला, लिंग मुठीत धरलं आणि मशीनला टेकून उभी राहिले. इतक्या बायकांना मी या पट्टीला लावलं होतं, तरी ती एवढी गार असते हे मला माहीत नव्हतं. आरोही म्हणाली, श्वास धरा मॅडम. घूं. आवाज दबला, जड झाला, थांबला. टक.

पट्टी सुटली.  आरोही पडद्यापासून म्हणाली, परत घ्यायचं का मॅडम, हललं असेल.  मी एप्रन अंगावर ओढून पुढं आले.

उजव्या पडद्यावर काळं फार थोडं होतं. एकाला एक लागून, कडेपासून कडेपर्यंत पांढऱ्या गाठी, आणि एकेकीभोवती पिवळी रेघ, एकेक शेपूट. आरोहीला तो नुसता गोंधळ दिसत असणार. मला दिसत नव्हता. मेंढपाळ आपली मेंढरं ओळखतो, तशा मी त्या ओळखल्या. काटे असलेली सिताबाईंची. मध्ये आवळलेली द्वारकाबाईंची. भूमची एक, तुळजापूरकडची एक. त्या बाया अजून फेरतपासणीला आलेल्याही नव्हत्या. आणि सगळ्यांच्या मागं, बरगड्यांना लागून, फाटक्या कडेची, चुन्याचे ठिपके असलेली.

अव्वाची गाठ होती. सोलापूरचं चित्र चुकीचं नव्हतं आणि माझंही नव्हतं. ती इथं होती, म्हणजे तिथं नव्हती. माझी आई वाचली होती.

आरोही माझ्या दंडाला धरून सांगत होती की शिबिर बंद करू, गाडी इथंच राहू दे, आत्ताच्या आत्ता सोलापूरला निघू. बरोबर बोलत होती. कुणाचं असं चित्र माझ्यासमोर आलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं, आणि नातेवाइकांना बाजूला घेऊन आणखी काही सांगितलं असतं.  मरणाची भीती वाटत होती, ती मी नाकारत नाही. पण मी पडद्यावरून नजर काढू शकत नव्हते. एवढ्या घरांतून एवढं निघालं होतं. कुठल्या सर्जनला जमलं असतं? रक्ताचा थेंब न सांडता, एका पेल्याचा चहाही न घेता.

बाहेर ते मूल अजून रडत होतं. खामसवाडीची ती बाई त्याला काहीतरी गाऊन गप्प करत होती. मी डाव्या पडद्याकडे पाहिलं, मग पुन्हा उजव्या. काखेच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात, डावीकडच्या त्या गाठीच्या मापाची एक जागा अजून काळी होती. तेवढीच.

मी एप्रनची बटणं लावली. आरोहीला म्हणाले, त्या बाईला जाऊन विचार, तिचं घर नेमकं कुठं येतं.